कप्तान टवक्याचा डावा दात

माझा मामा दात करतो. काढणं आणि बसवणं ही कामं डॉक्टरांची. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतात, तो साचा मामाच्या खोलीवर येतो आणि तिथं बसून मामा त्या माणसाचं हसू नव्यानं घडवतो. दवाखान्याच्या मागच्या जिन्याखाली त्याची ही खोली आहे. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच दचकतो, कारण समोरच्या फळीवर पंचवीस-तीस जबडे ओळीनं मांडलेले असतात आणि सगळे त्याच्याकडे बघून हसत असतात. मामाची मात्र त्यातल्या एकेकाशी घरच्यासारखी ओळख.

"ह्या शाळेतल्या बाई. खालचा ओठ चावायची सवय. आणि हे वकीलसाहेब. झोपेत दात खातात. स्वतःचे खाऊन संपवले, आता माझे संपवायला घेतलेत."

सगळं गाव त्याला दातमामा म्हणतं. पोस्टमन म्हणतो, भाजीवाली म्हणते, रागावली की मामीही म्हणते.

कवळी करायला घेण्याआधी मामा माणसाकडे दोन गोष्टी मागतो. एक, तरुणपणीचा हसतानाचा फोटो. दुसरं म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर: "तुम्हाला काय चावून खायला आवडायचं?" लोकांना हवे असतात सरळसोट, पांढरेशुभ्र, जाहिरातीतले दात. मामा ते देत नाही. एका आजीबाईंचा वरचा एक दात मूळचाच जरा तिरका होता. मामानं नवाही तिरकाच लावला. आजीबाई भडकल्या, भांडून घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी डोळे पुसत परत आल्या. आजोबा म्हणाले होते, "पंधरा वर्षांनी ओळखीची दिसलीस बघ."

ह्यावर मामाचं एक शास्त्रच आहे. तो म्हणतो, "नवा दात जुन्यासारखा दिसला नाही तरी एक वेळ चालेल. पण जुन्यासारखा चावला पाहिजे."

इतका शहाणा माणूस आयुष्यात एकदाच सपशेल फसला, आणि तेही एका दातापायी.

तो दात होता कप्तान टवक्याचा. कप्तान टवक्याची एक्केचाळीस पुस्तकं आहेत. हातात मावतील एवढी, ऐंशी-ऐंशी पानांची. एका रुंद नदीवर ह्या कप्तानाची एक म्हातारी मालवाहू बोट चालते. त्याच्याकडे पिस्तूल नाही. तो पळत नाही, कुणाच्या थोबाडीत मारत नाही. कुठं चोरी झाली, कुणावर नाहक आळ आला, की तो बोट काठाला बांधतो आणि डेकवर बटाटे सोलत बसतो. येणारेजाणारे त्याच्याशी बोलत राहतात आणि बोलता बोलता कुणाच्या तरी तोंडून खरं निसटतं. कप्तानाचा पुढचा दात टवका उडालेला. त्याची त्याला लाज वाटते, म्हणून तो ओठ मिटून असतो. फक्त शेवटच्या पानावर, सगळा गुंता सुटल्यावर, तो एकदाच हसतो. त्या एका हसण्यासाठी ऐंशी पानं वाचायची.

मामा सहा वर्षांचा असताना पायरीवरून पडला आणि त्याचा पुढचा डावा दात अर्धा गेला. पोरं चिडवायला लागली तेव्हा त्यानं तोंड उघडणंच बंद केलं. घरात तीन आठवडे मुका! वैद्य झाले, डॉक्टर झाले. शेवटी त्याच्या अकरा वर्षांच्या ताईनं, म्हणजे माझ्या आईनं, वाचनालयातून कप्तानाचं पहिलं पुस्तक आणलं आणि त्याला वाचून दाखवलं. शेवटच्या पानाशी आल्यावर म्हणाली, "बघ बाळ्या, तुझ्यासारखाच." बाळ्या हसला. तो तुटका दात आज बासष्ट वर्षं तसाच आहे. गावाचे दात करणाऱ्या माणसाचा स्वतःचा पुढचा दात अर्धा! लोक चेष्टा करतात. मामा म्हणतो, "तो दात माझा नाही, कप्तानाचा आहे. मी नुसता सांभाळतोय."

आई त्याहून पुढची. ती हॉस्पिटलात मुख्य नर्स होती. डॉक्टरसुद्धा तिला वचकून असत. दर महिन्याला ती एक कप्तान वाचते. एक्केचाळीस संपले की पुन्हा पहिल्यापासून. वीस वर्षांपूर्वी टीव्हीवर कप्तानाची मालिका आली. तिच्यात त्याला एक बोलका पोपट दिला होता आणि चौथ्या भागात एक जुळा भाऊ उपटला. जुळा भाऊ दिसल्यावर आई उठली, कपाटातून डबल बेडची चादर काढली आणि टीव्हीवर टाकली. आठ दिवस ती चादर निघाली नाही. बाबा बिचारे मॅच बघायला शेजारी जायचे.

"माझा कप्तान माझ्या डोक्यात सुखरूप आहे," आई म्हणाली, "तिथं मी कुणाला शिरू देणार नाही."

तर गेल्या वर्षी बातमी आली की कप्तान टवक्यावर मोठा सिनेमा येतोय. 'तुमच्या बालपणीचा कप्तान, जसाच्या तसा!' असं वर्तमानपत्रात छापून आलं. आणि मामाचं वाचक मंडळ पेटून उठलं.

हे मंडळ बारा जणांचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामाच्या खोलीत, जबड्यांच्या फळीखाली भरतं. तिथं चाळीस वर्षं एकच वाद चालू आहे: कप्तानाचा तुटका दात डावा की उजवा? पुस्तकात नुसतं 'पुढचा दात' असं लिहिलंय. पहिल्या वीस पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर नुसते ओठ आणि दात काढलेत, त्यांत तो डावा आहे. एकविसाव्यापासून छापखान्यानं चित्र उलटं लावलं आणि तो उजवा झाला. मामा डाव्याच्या बाजूचा. उजव्या पक्षाचे पुढारी म्हणजे एक निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर जमिनी मोजल्यामुळे ते जगातली प्रत्येक गोष्ट मोजतात. चहा पितानासुद्धा घोट मोजतात.

"एकवीस पुस्तकांत उजवा, वीसांत डावा," मोजणीदार म्हणायचे. "बहुमत कुणाचं?"

"दात मतदानानं तुटत नाही हो!" मामा ओरडायचा.

सिनेमा कंपनी दात उलटा लावेल, ह्या धास्तीनं मंडळानं कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं, तिसरं पाठवलं. चौथ्या पत्रासोबत मामानं वीस मुखपृष्ठांची चित्रं आणि जबड्याची एक आकृती जोडली. तेव्हा उत्तर आलं: 'आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. कप्तानाचा दात डावाच राहील.' मामानं ते पत्र फळीवर, वकीलसाहेबांच्या जबड्यात उभं करून ठेवलं. त्या रविवारी मोजणीदार आलेच नाहीत.

आता गंमत बघा. बारा माणसं, सगळी शिकलेली, एकेकानं एक्केचाळीस पुस्तकं कोळून प्यालेली. चार पत्रं गेली. एकाही पत्रात कुणी विचारलं नाही की बाबांनो, सिनेमाची गोष्ट काय आहे? नवरदेवाच्या बुटांच्या नाड्या तपासण्यात सगळे इतके गुंतले की नवरदेव कोण, हे विचारायचं राहूनच गेलं.

कंपनी हुशार. तिनं मामालाच विचारलं, "दात तुम्हीच करून द्याल का?" मामाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्वतःच्या आणि नटाच्या तोंडाचा साचा घेऊन, तीन आठवडे खपून त्यानं तो दात केला. नटाच्या धडधाकट दातावर बसेल असं नखाएवढं पातळ टोपण, खालचा अर्धा भाग काळा, म्हणजे दात तुटका दिसावा. टवक्याची कड किंचित पिवळट, आतल्या बाजूला चहाचा डाग. "कप्तान बिनदुधाचा चहा पितो," मामा म्हणाला. "तेरावं पुस्तक."

दात बसवायला तो शूटिंगच्या जागी गेला. तिथं बोट हुबेहूब होती. कंदील बरोबर, दोरांच्या गाठी बरोबर, बटाट्यांची टोपलीसुद्धा होती. नटानं दात लावला, ओठ मिटले, नदीकडे पाहिलं. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसं वाटतंय, काका?" दिग्दर्शकानं विचारलं.

मामा नटाच्या दातांकडे बघत म्हणाला, "अगदी कप्तान!"

बाजूला कॅमेरा चालू होता.

महिन्याभरात भिंतीभिंतीवर मामाचा चेहरा झळकला. शेजारी हातभर अक्षरांत: 'अगदी कप्तान! – साठ वर्षांपासूनचे वाचक दातमामा.' फोटो असा कापला होता की मामाचा तुटका दात त्यात दिसत नव्हता. मामाला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण भिंतीवर स्वतःचं तोंड दिसल्यावर शंका येण्याइतका थोर माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तो तडक आईकडे आला.

"ताई, पहिल्या दिवसाचं तिकीट काढलंय तुझं."

"मी येणार नाही."

"अगं, पोपट नाही. मी स्वतः बोट पाहिली. जुळा भाऊ नाही."

"चुलतभाऊ असेल."

"ताई, दात मी केलाय! माझा शब्द आहे तुला. काही वावगं निघालं तर मला नावानं हाक मारू नकोस."

आईनं उठून ठेवणीतली साडी काढली. "तुझ्या शब्दावर येतेय हं, बाळ्या," ती म्हणाली.

सिनेमा सुरू झाला. पाचव्या मिनिटाला बोट फुटली. आग, धूर, आणि त्या धुरातून मोटारसायकलवर बसून कप्तान बाहेर आला. दोन्ही हातांत बंदुका. मोटारसायकल कोण चालवत होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं सतरा माणसं उडवली आणि तो हसला. पडदाभर हसू, पडदाभर दात. पुढं इमारत पाडली आणि हसला. पुलावरून उडी मारली, हवेत हसला. टोपली एकदा दिसली, त्यातल्या प्रत्येक बटाट्यात बॉम्ब होता. मध्यंतरानंतर कप्तान नाचला. जे हसू आम्ही ऐंशी पानं वाट बघून मिळवायचो, ते त्या माणसानं दोन तासांत खिरापतीसारखं वाटून टाकलं.

दात मात्र अप्रतिम झाला होता.

दिवे लागले. मंडळाची माणसं मामाकडे न बघता बाहेर पडली. मोजणीदार थांबले. "सदतीस वेळा हसला," ते म्हणाले. अंधारात त्यांनी तिकिटाच्या मागं काड्या मारल्या होत्या. "दात डावाच होता हो. अभिनंदन."

आई पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाली, "दात सुरेख झालाय." आणि रिक्षात बसली. बाळ्या म्हणाली नाही. मामाला ते बरोबर जागी लागलं.

त्या महिन्यात आईनं कप्तान वाचला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "उघडते रे पुस्तक. पण पहिल्या ओळीपासून हाच समोर येतो, दात विचकत. माझा होता त्याचा चेहरा आठवायला बसते, तर आठवत नाही. बासष्ट वर्षं जो रोजचा होता, तो गेला बघ कुठंतरी." हॉस्पिटलात माणसं डोळ्यांसमोर जाताना पाहिलेली बाई ती, आवाज चढत नाही तिचा. तसाच साधा होता, म्हणून मला जास्त लागलं.

मी ते मामाला सांगितलं. हातातली मेण कापायची सुरी त्यानं खाली ठेवली.

मामाच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. नवी कवळी टोचते. दुसरे कारागीर म्हणतात, होईल सवय. मामा तसं कधीच म्हणत नाही. तो कानस खिशात घालून पेशंटच्या घरी जातो, समोर बसतो आणि विचारतो, "कुठं टोचतंय ते दाखवा." जिथं टोचतं तेवढंच घासतो. केसभर जास्त नाही.

तसाच तो आईपुढं जाऊन बसला. "ताई, कुठं टोचतंय ते सांग."

"सिनेमावाले माझे कोण लागतात?" आई म्हणाली. "त्यांनी काय वाटेल ते करावं. मी चादर टाकून मोकळी झाले असते. पण मी गेले ती तुझ्या शब्दावर. आणि तो शब्द अजून भिंतीवर आहे. माझ्यासारखी आणखी किती माणसं जातायत, तुझं तोंड बघून?"

मामानं कंपनीला पत्र लिहिलं: माझा शब्द भिंतीवरून काढा. उत्तर आलं: 'आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.' सोबत किल्ल्या अडकवायच्या बारा साखळ्या होत्या. प्रत्येकीला कप्तानाचा तुटका दात, अंधारात चमकणारा. उजवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या खेळाला मामा थिएटरच्या दारात पाटी घेऊन उभा राहिला. पाटीवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं:

'अगदी कप्तान' हे मी फक्त दाताबद्दल म्हणालो होतो. – दातमामा

मामी घरी डोक्याला हात लावून बसली. "लोक म्हणतील, म्हातारा दात विकायला उभा राहिलाय." आणि तसंच झालं. पहिल्या दिवशी दोघांनी कवळीची चौकशी केली. एकानं तर रांगेत उभ्या उभ्या तोंड उघडून दाखवलं. मामानं वाकून पाहिलं, "दाढ वाचेल, लगेच डॉक्टरकडे जा," म्हणाला, आणि पुन्हा पाटी वर धरली.

थिएटरचा मॅनेजर आला. "काका, कामाच्या वेळी हे काय?"

"मी पण कामावरच आहे," मामा म्हणाला. "शब्द परत घेतोय."

"प्रेक्षक पळतील ना!"

"मी कुणाला जाऊ नका म्हणत नाही. विचारा त्यांना." मग मामानं मान तिरकी केली. "तुमची वरची कवळी सैल आहे. 'प्रेक्षक' म्हणताना शिट्टी वाजते. उद्या सकाळी खोलीवर या. पण पाटी हलणार नाही."

मॅनेजर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पाटी हलली नाही. मॅनेजरनं दुपारी आतून खुर्ची पाठवली. मामा तिच्यावर बसला नाही, शब्द उभ्यानं दिला होता म्हणे.

कॉलेजातला एक जोडा आला. मुलगी पाटी वाचून म्हणाली, "म्हणजे सिनेमा फालतू आहे का?"

"ते तुम्ही बघून ठरवा, बेटा. मारामारी चांगली आहे, असं जाणकार सांगतात. मी ज्याला कप्तान म्हणतो तो त्यात नाही, एवढंच."

दोघं आत गेली. मामानं त्यांच्याकडे वाकड्या नजरेनंही पाहिलं नाही. आपला राग किती आणि कुणावर, हे केसभर मापात ठेवणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत. मी असतो तर थिएटरच्या फुटक्या काचा मोजणीदारांना मोजाव्या लागल्या असत्या. मोजणीदार तिसऱ्या दिवशी आले, काही न बोलता मामाच्या उजव्या हाताला उभे राहिले आणि पाटी वाचणारी माणसं मोजायला लागले.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, "मला ने तिकडं." मी घेऊन गेलो. मामानं ती येताना पाहिली आणि पाटी आणखी उंच केली. आईनं ती शांतपणे वाचली. मग मॅनेजरची ती रिकामी खुर्ची ओढून बसली.

रांगेतून एक बाई पाटीजवळ आल्या. चाळिशीच्या असतील, हातात तिकीट. "माझे वडील ही पुस्तकं वाचायचे," त्या म्हणाल्या. "मी नाही वाचली. म्हणून म्हटलं, सिनेमा तरी बघू. खरा कप्तान कसा होता हो?"

बासष्ट वर्षं वाचत आलेला माणूस! मामानं तोंड उघडलं. "तो... म्हणजे त्याचा डावा दात..."

"दात सोड रे," आई म्हणाली.

मामानं पाटी दुसऱ्या हातात घेतली.

"उंच नव्हता," आई त्या बाईंना सांगू लागली. "लोकांना वाटतं कप्तान म्हणजे उंच. हा बुटका. बोटीच्या दारातून जाताना वाकावं लागायचं नाही, त्याचंच त्याला बरं वाटायचं. बोलणाऱ्याकडे बघायचा नाही. हातातल्या कामाकडे बघायचा, म्हणजे समोरच्याला संकोच नको." ती थांबली. तिकिटाच्या खिडकीकडे बघत राहिली, पण खिडकी बघत नव्हती. "कान मोठे. टोपी कानांवर टेकलेली. डाव्या भुवईत एकच पांढरा केस, लांब. वारा आला की हलायचा."

"ताई," मामा हळूच म्हणाला, "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग?"

"मला दिसतोय. गप्प बस बाळ्या, जाईल."

आत खेळाची घंटा झाली. बाई तिकीट हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या. मोजणीदारांनी मोजणं थांबवलं. मामानं पाटी खाली घेतली आणि पोरासारखा ऐकत राहिला. आई सांगत होती. मग तो माझ्या कानाशी वाकला आणि तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला,

"कान लहान होते."